खणखणीत पाठ

त्या तळ्याच्या मुलखात आजार फक्त पाठीला होत असत, कारण वैद्य फक्त पाठीवर बसत असत. राहणारी सगळी कासवं आणि वैद्य सगळे सुतारपक्षी, अशी तिथली व्यवस्था होती. ती कोणी लावून दिली हे कोणाला आठवत नव्हतं, आणि आठवत नसल्यामुळेच ती फार शहाणपणाची मानली जाई. कासव आजारी पडलं की काठावरच्या करंजाखाली जाऊन बसे. वरून सुतारपक्षी उतरे, त्याच्या पाठीवर बसून चोचीने टकटक करी, मान तिरकी करून आवाज ऐके आणि निदान सांगे. आवाज खणखणीत आला तर प्रकृती उत्तम. बद्द आला तर पाठीला तेल. एवढंच ते शास्त्र होतं. पण ते शिकायला म्हणे अर्धं आयुष्य जाई, आणि उरलेलं अर्धं आपण ते शिकलो आहोत हे इतरांना ऐकवण्यात जाई.

शास्त्र वाढलं तशी पाठीची वाटणी झाली. कासवाच्या पाठीवर जी घरं आखलेली असतात, त्यांतल्या प्रत्येक घराला स्वतंत्र पाठवैद्य मिळाला. कण्यावरच्या घराचा वैद्य कडेच्या घराला चोच लावत नसे. चुकून तिकडे पाय पडलाच तर तो पाय झटकून घेई. मानेकडच्या घराचा वैद्य आणि शेपटीकडच्या घराचा वैद्य यांची आयुष्यं त्याच त्या पाठींवर गेली, तरी त्यांची एकमेकांशी ओळखदेख नव्हती. ज्याचा तुरा जास्त लाल त्याचा अधिकार मोठा. या सगळ्यांच्या वर थोरले वैद्य. त्यांचा तुरा इतका लाल होता की त्यांचं निदान लोकांना ऐकायच्या आधीच पटत असे.

आणि एक रिवाज होता. वैद्य पाठीवर बसले की कासवाने डोकं आत ओढून घ्यायचं. टोच मारताना समोरून दोन डोळे रोखून बघत असले की वैद्यांचं चित्त ठिकाणावर राहत नाही, असं कारण सांगत. ज्याच्या चित्ताला दोन डोळे जड होतात त्याने दुसरं काहीतरी काम बघावं, असं त्या मुलखात कोणी कधी म्हणालं नाही. आत डोकं घेऊन बोललेलं बाहेर नुसतं बुडबुड ऐकू येई. त्यामुळे तक्रार आधीच साळुंकीकडे सांगून ठेवायची पद्धत पडली. साळुंकी खालच्या फांदीवर बसे. रोग्याचं सगळं ऐकून घेई, त्यातलं वैद्यांच्या कानावर घालण्याजोगं काय आहे ते स्वतः ठरवी, आणि बाकीचं टाकून देई. बाकीचं म्हणजे बहुतेक सगळंच.

या तळ्यात दुर्पदा नावाची कासवीण होती. मधल्या वयाची, कामाला खंबीर, बोलायला मोजकी. काठावरून कोणीतरी पाण्यात गळ टाकत असे. कोण टाकतं ते तळ्यातल्या कोणालाच ठाऊक नव्हतं; ते मासे जाणोत आणि त्यांचं नशीब जाणो, असं कासवं म्हणत. एका सकाळी दुर्पदेने चिखलातलं एक गांडूळ खाल्लं आणि गांडुळाबरोबर त्यातला गळही गिळला. वरून हिसका बसला. तिने सगळं बळ लावून उलटा हिसका दिला, तेव्हा दोरा तुटला. गळ घशाखाली रुतून राहिला आणि दोऱ्याचं टोक घशात लोंबत राहिलं. म्हणजे आपल्याला काय झालं आहे, कुठे झालं आहे आणि कशाने झालं आहे, हे तिला नेमकं माहीत होतं. त्या मुलखात रोग्याला एवढं माहीत असणं हे फार वाईट लक्षण समजत.

नवरा शिदोबा आणि मोठी झालेली लेक चंद्री तिला करंजाखाली घेऊन गेले.

"थोडक्यात सांगा," साळुंकी म्हणाली.

"गळ गिळलाय," दुर्पदा म्हणाली. "घशाखाली रुतलाय. घास उतरत नाही, श्वास घेतला की कळ येते. दोरा अजून घशात दिसतोय. कोणी तोंडात बघितलं तर लगेच दिसेल."

साळुंकीने वर तोंड करून हाक दिली, "अंग दुखतं म्हणतात. बाईमाणूस आहे."

कण्यावरच्या घराचे वैद्य उतरले. दुर्पदेने रिवाजाप्रमाणे डोकं आत घेतलं. त्यांनी टोच मारली, मान तिरकी केली, आणि आवाज चांगला असल्याचं सांगितलं. आतून बुडबुड झाली. ती थांबेना, तेव्हा त्यांनी साळुंकीकडे बघितलं.

"गळ गिळलाय असं त्यांचं म्हणणं आहे," साळुंकी म्हणाली. 'म्हणणं' या शब्दावर तिने असा काही जोर दिला की पुढे काही बोलायची गरजच उरली नाही.

वैद्य हसले. लहान मुलाने चंद्र मागितला की घरातली मोठी माणसं जशी हसतात तसं. "गळ माशांना लागतो," ते म्हणाले. "कासवाला गळ लागल्याचं शास्त्रात नाही." मग ते शिदोबाकडे वळले. "घरात काही कुरबूर आहे का? हिची झोप कशी आहे?"

शिदोबाला आजवर कोणत्या वैद्याने काही विचारलं नव्हतं. तो एकदम भारावला. "खात नाही धड," तो म्हणाला. "आणि हल्ली चिडचिड फार करते."

"बघा," वैद्य म्हणाले. इतक्या वेळात त्यांना पहिल्यांदा एक लक्षण सापडलं होतं, आणि तेही दुसऱ्याच्या तोंडून. त्यांनी पाठीला तेल सांगितलं, सकाळचं ऊन सांगितलं, आणि बाईंनी जरा मन रमवावं असं शिदोबाला सांगितलं. दुर्पदा तिथेच होती, पण डोकं आत असलेल्याला कोणी काही सांगत नाही.

पुढे ती पाठीवरच्या घराघरांतून फिरली. डाव्या कडेच्या घराचे वैद्य म्हणाले, हे उजव्या कडेचं आहे. उजव्या कडेच्या वैद्यांनी तिला पुन्हा कण्याकडे पाठवलं. शेपटीकडचे वैद्य तिला बघून म्हणाले की पाठ फार जड झाली आहे, आधी ती हलकी करा आणि मग या. कासवाला पाठ हलकी करायला सांगणाऱ्या त्या विद्वानाचं कोणालाही हसू आलं नाही. उलट शिदोबाने घरी येताना दुर्पदेला चार गोष्टी ऐकवल्या. मानेकडच्या घराचे वैद्य सगळ्यांत जवळ पोचले होते. त्यांच्या पायापासून गळ फार तर वीतभर लांब असेल. पण तो पाठीच्या खाली होता, आणि पाठीच्या खाली काही असतं हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. त्यांनीही तेल सांगितलं.

गळ हे माशांचं दुखणं आहे असं सगळे म्हणत होते, म्हणून चंद्री आईला माशांच्या वैद्याकडे घेऊन गेली. माशांचा वैद्य म्हणजे बगळा. तो उथळ पाण्यात एका पायावर उभा असे आणि त्याचा लौकिक फार मोठा होता, कारण त्याच्याकडे गेलेला एकही मासा तक्रार घेऊन परत आला नव्हता. दुर्पदेने सगळं सांगितलं. बगळ्याने ते ऐकलं, निदान ऐकल्यासारखा उभा राहिला.

"कल्ले दाखवा," तो म्हणाला.

"मला कल्ले नाहीत," दुर्पदा म्हणाली.

"मग तुम्ही माझ्यात बसत नाही," बगळा म्हणाला, आणि दुसऱ्या पायावर उभा राहिला.

त्यानंतर राहिलं घुबड. ते मनाचं बघत असे. झाडाच्या ढोलीत भर दुपारी डोळे मिटून बसलेलं असे, आणि इतका वेळ डोळे मिटून बसणारा खूप खोल बघत असणार, असा सर्वांचा समज होता. घुबडाने दुर्पदेला डोकं आत घ्यायला सांगितलं नाही, एवढं एक त्याच्या बाजूने म्हणायला हवं. तिने तोंड उघडून दोरा दाखवला, पण त्याचे डोळे मिटलेलेच होते. "गळ आहे की नाही हा प्रश्नच नाही," घुबड म्हणालं. "तुम्हाला तो का हवासा वाटतो, हा प्रश्न आहे." दुर्पदा म्हणाली, मला तो मुळीच नको आहे, तेवढ्यासाठीच तर आले. घुबडाने मान डोलावली. नाकारणं हीच त्याची खूण असते, असं ते म्हणालं. मग लेक किती वर्षांची झाली ते विचारलं आणि पुन्हा एकदा अंडी घालायला सांगितलं, म्हणजे सगळं आपोआप जाईल.

इकडे रोजच्या तेलाने दुर्पदेची पाठ झळाळून निघाली. काठावर ऊन खात पडली की येणारी-जाणारी कासवं थांबून बघत. "काय सुरेख दिसतेस गं," शेजारणी म्हणत. "आणि म्हणे आजारी." कोणी म्हणे, आम्हालाही गिळताना कधीमधी टोचतं, आम्ही बोलून दाखवत नाही एवढंच. ती दिवसेंदिवस वाळत होती, पण ते सगळं आतल्या आत. पाठ वाळत नाही. घास गिळता येत नसल्यामुळे ती शेवाळाचं पाणी पिऊन राहू लागली, आणि ते प्यायला तिला जो वेळ लागे तेवढ्या वेळात चंद्रीचं जेवण होऊन जाई. चंद्रीने तिच्यासमोर जेवणंच सोडून दिलं.

एकदा चंद्री करंजाखाली साळुंकीची वाट बघत बसली होती. वर कण्याच्या घराचे वैद्य जेवत होते. त्यांनी खोडात भोक पाडलं, त्यात चोच घातली, चोचीतून लांबलचक जीभ आत सोडली आणि खोल दडलेली एक अळी अलगद बाहेर ओढून काढली. अळीला जाग आली असेल की नाही, इतकं ते हलक्या हाताचं काम होतं. मग दुसरी काढली, मग तिसरी. चंद्री बघतच राहिली. साळुंकी आल्यावर ती म्हणाली, "अहो, असंच तर करायचंय. आईच्या घशात असंच आत जाऊन तो गळ ओढायचा. यांना येतंय की."

साळुंकीला तिच्या अडाणीपणाची कीव आली. "ते जेवण आहे," ती म्हणाली.

मायलेकींनी मग थोरल्या वैद्यांकडे जायचं ठरवलं. शिदोबा बरोबर आला, पण थोड्या अंतरावर बसला. थोरल्यांची वेळ मिळायला इतकी वाट बघावी लागली की दुर्पदेला तेवढ्यात आणखी अशक्तपणा आला. मात्र त्याचा विलंबाशी काही संबंध नसल्याचं साळुंकीने आधीच सांगून टाकलं. थोरले उतरले. दोन घरं सोडून तिसऱ्यावर टोच मारली, कारण मधल्या घरांवर टोच मारणं त्यांच्या इतमामाला शोभत नसे. "वा," ते म्हणाले. "अशी पाठ हल्ली बघायला मिळत नाही."

तेव्हा दुर्पदेने डोकं बाहेर काढलं. मान वळवली, वरच्या लाल तुऱ्याकडे बघितलं आणि जबडा होईल तेवढा उघडला. दोरा स्पष्ट दिसत होता. करंजाखाली बसलेल्या सगळ्या रोग्यांना तो दिसला. फांदीवरच्या मुंगळ्यांनाही दिसला असेल.

थोरल्या वैद्यांनी झटकन तोंड फिरवलं आणि खोडाकडे बघत राहिले. "आत घ्या," ते म्हणाले.

"वैद्यराज, एकदा नुसतं बघा," चंद्री म्हणाली. "तुम्हाला काढायला सांगत नाही मी. बघायला काय जातं?"

"मी बघितलं आहे. पाठ उत्तम आहे."

"पाठ नाही हो, तोंड."

"आधी आत घ्या, मग बोलू," थोरले खोडाला म्हणाले. "अशा स्थितीत मी कोणालाच बघत नाही." आणि आत घेतल्यावर बोलण्यासारखं काही राहत नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. दुर्पदा तोंड उघडून तशीच थांबली. जबडा थरथरायला लागला तरी थांबली. शेवटी लांब बसलेला शिदोबाच लाजेने चूर होऊन पुढे आला. "दुर्पदे, आत घे बघू. लोक बघतायत," तो म्हणाला. लोक बघत होते हे खरंच होतं. ज्यांनी बघायला हवं होतं ते सोडून सगळे बघत होते.

त्या दिवसापासून साळुंकीने तिचं नाव डोकेकाढी पाडलं. साळुंकीचा आवाज मोठा आणि तळं लहान. दुर्पदा कोणत्याही वैद्याकडे निघाली की ती पोचायच्या आत हाक पोचलेली असे: डोकेकाढी येतेय. कासवाची चाल ती केवढी. वैद्यांना आपलं मत ठरवायला भरपूर सवड मिळे. मग ती डोकं मुकाट्याने आत घेऊन बसली तरी टोच लांबूनच मारत, आणि आवाज न ऐकताच उडून जात.

शेवटी चंद्रीने स्वतःच ते काम करायचं ठरवलं. कासवाला ना दात, ना लांब जीभ. तिने हिरड्यांत दोऱ्याचं टोक पकडलं आणि ओढलं. गळाला उलटा काटा असतो. आईच्या तोंडून जो आवाज निघाला तो चंद्रीने जन्मात ऐकला नव्हता, तरी आईने पायानेच खूण केली की ओढ. चंद्रीने पुन्हा ओढलं. दोरा मुळाशी तुटला आणि तिच्या तोंडात आला. गळ होता तिथेच राहिला. तुटलेला दोरा घेऊन ती करंजाखाली धावत गेली, म्हणजे कासव जितकं धावू शकतं तितकी.

"हा दोरा," ती म्हणाली. "हा आईच्या घशातून निघाला."

"म्हणजे आता घशात नाही," साळुंकी म्हणाली.

"गळ आहे ना अजून आत."

"दोरा होता तोवर निदान बोलायला जागा होती," साळुंकी म्हणाली. "आता दाखवाल काय?"

यानंतर दुर्पदा कुठे गेली नाही. लव्हाळ्यांत ऊन येईल अशा जागी पडून राहिली. शिदोबा रोज इमानाने तिच्या पाठीला तेल लावत होता. तो वाईट नव्हता. वैद्यांनी सांगितल्याशिवाय आपली बायको मरणार नाही, अशी त्याची श्रद्धा होती, आणि त्या मुलखातले चांगले नवरे असेच असत.

"बरं नसतं झालं तरी चाललं असतं गं," दुर्पदा एका सकाळी चंद्रीला म्हणाली. "पण हो, दुखतंय, एवढं तरी कोणीतरी म्हणायचं होतं."

"मी म्हणते ना, आई."

"तू म्हणतेस गं," दुर्पदा म्हणाली. "पण तुला तुरा नाही."

ती त्याच दिवशी ऊन कलायच्या आत गेली. चंद्री खूप रडली. शिदोबाने वाटीत उरलेलं तेलही तिच्या पाठीला लावून टाकलं.

त्या तळ्यात अशी रीत होती की मेलेल्या कासवाची पाठ मुंग्यांनी साफ केली की ती करंजाखाली न्यायची, वैद्यांकडून शेवटची टोच मारून घ्यायची आणि मग पाण्यात सोडायची. ही टोच मारायला कधीकधी एखादा शिकाऊ वैद्य येई, नाहीतर कोणीच येत नसे. दुर्पदेच्या पाठीला मात्र थोरले स्वतः आले. त्या पाठीची झळाळी त्यांच्या लक्षात राहिली होती. त्यांनी टोच मारली. असा आवाज त्या मुलखात कोणी ऐकला नव्हता. स्वच्छ, भरदार, लांबवर जाणारा. पलीकडच्या काठावरचे वैद्यही माना वर करून बघायला लागले. थोरल्यांनी आणखी एकदा मारली. मग मानेकडचे आले, शेपटीकडचे आले, दोन्ही कडांचे आले, आणि प्रत्येकाने आपापल्या घरावर टोच मारून बघितली. कुठेही बद्द नाही. इतक्या वर्षांत ते सगळे पहिल्यांदाच एका पाठीवर एकत्र बसले होते आणि पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं होतं.

"काही तक्रार?" थोरल्यांनी पाठीला विचारलं. सवयीने विचारलं असेल. उत्तर आलं नाही. बुडबुडही नाही. "बघा," ते सगळ्यांकडे वळून म्हणाले. "चिकाटीने उपचार केले की गुण येतो."

चंद्री पुढे आली. मुंग्यांनी पाठ साफ केल्यावर जे उरलं होतं ते तिने त्यांच्यासमोर ठेवलं. गंजलेला, उलट्या काट्याचा गळ. "हा आत होता," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. तेवढी ताकदच तिच्यात राहिली नव्हती.

थोरल्यांनी गळाकडे बघितलं. या वेळी बघितलं, कारण आता बघायला काही हरकत नव्हती. "हा तर बाहेर आहे," ते म्हणाले.

बाकीच्या वैद्यांनी नीट निरखून बघितलं आणि तो बाहेरच असल्याचं त्यांचंही मत पडलं. अशी उत्तम पाठ पाण्यात सोडून वाया घालवू नये, असा निर्णय तिथल्या तिथे झाला. ती करंजाच्या खालच्या फांदीला टांगायची, म्हणजे निरोगी पाठ कशी वाजते याचा कायमचा नमुना समोर राहील. टांगायला काहीतरी हवं होतं. साळुंकीने तो गळ उचलला, एक टोक फांदीत रुतवलं आणि दुसऱ्यावर पाठ अडकवली. काम मजबूत झालं. शिदोबाचे डोळे अभिमानाने भरून आले.

पुढल्या हंगामात चंद्रीचं अंडं आत अडकलं. ती कशीबशी करंजाखाली पोचली. मागच्या पायांत जीव नव्हता आणि कळ आली की डोळ्यांपुढे अंधारी येत होती. साळुंकीने थोडक्यात सांगायला सांगितलं. "अंडं अडकलंय," चंद्री म्हणाली. "दोन दिवस झाले." साळुंकीने वर हाक दिली की अंग दुखतं म्हणतात, आणि जरा थांबून, डोकेकाढीची मुलगी आहे.

चंद्रीने ते ऐकलं आणि कोणी सांगायच्या आत डोकं आत घेतलं.

थोरले वैद्य सावकाश उतरले. आधी फांदीला टांगलेल्या पाठीवर टोच मारली. तो आवाज तळ्यावरून पलीकडच्या काठापर्यंत गेला आणि करंजाखालची सगळी कासवं आदराने गप्प झाली. मग त्यांनी चंद्रीच्या पाठीवर टोच मारली आणि मान तिरकी केली. पुन्हा मारली. आवाज बद्द येत होता, कोंदलेला, आत कोणीतरी असल्यासारखा. आतून बुडबुड सुरू झाली होती, ती ते ऐकत नव्हते.

"अजून बरंच व्हायचं आहे," थोरले मायेने म्हणाले. "तुमच्या आईसारखा आवाज यायला हवा."